एक घोडेस्वार, तीन शिरे

१/ ३० जानेवारी १६४९. लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्याबाहेर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. त्याच्या मृत्युपत्रिकेवर सही करणाऱ्यांत ऑलिव्हर क्रॉमवेल होता. पुढे हे दोन्ही शत्रू एकाच घोड्यावर, एकाच धडावर विराजमान झाले. अर्थात कागदावर!

२/ या कथेचा उगम १६३३ सालच्या एका तैलचित्रात आहे. बरोक शैलीचा थोर चित्रकार अँथनी व्हॅन डाइक याने चार्ल्सला पांढऱ्या घोड्यावरून कमानीखालून येताना रंगवले. भव्य चित्र, पण एकच आणि राजवाड्यातले. सामान्यांपर्यंत राजे-उमरावांची रूपे पोहोचत, ती प्रामुख्याने छापचित्रांतून.

३/ कारागीर तांब्याच्या पत्र्यावर टोकदार कोरणीने रेषा कोरत असे. त्या रेषांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून, ओलसर कागदावर पत्रा दाबला की चित्र उमटे. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. शिवाय नको असलेला भाग खरवडून, घोटून, पत्रा मागून ठोकून सपाट करता येई आणि तिथे नवे कोरता येई.

४/ १६५३ मध्ये क्रॉमवेल इंग्लंडचा 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला. त्या दशकात पिएर लोंबार हा फ्रेंच कोरीवकार इंग्लंडमध्ये काम करत होता. त्याने घोडेस्वाराचे एक मोठे छापचित्र कोरले. घोडा, कमान, बसण्याचा राजेशाही थाट, सारी मांडणी व्हॅन डाइकच्या चार्ल्सची; चेहरा मात्र क्रॉमवेलचा.

५/ या एकाच पत्र्यावरचे शिर पुन्हापुन्हा बदलले गेले. त्याच धडावर क्रॉमवेल दिसतो, फ्रान्सचा चौदावा लुई दिसतो आणि खुद्द चार्ल्सही दिसतो. शिराची जागा कोरी असलेल्या प्रतीही टिकून आहेत. म्हणूनच हे चित्र 'बिनशिराचा घोडेस्वार' या नावाने ओळखले जाते.

६/ हे केवळ विक्रेत्याचे चातुर्य नव्हे. घोडा, चिलखत आणि कमान ही सत्तेची चिन्हे होती. ती एका माणसाच्या मालकीची नव्हती. राजेशाही उलथवणाऱ्यालाही थोर दिसण्यासाठी राजाचेच रूप उसने घ्यावे लागले.

७/ म्हणून जुने छापचित्र पुरावा म्हणून हाती घेताना 'हा कोण?' एवढेच विचारून थांबू नये. 'याच्या आधी इथे कोण होते?' हेही विचारावे. उत्तर कधीकधी त्याच पत्र्यात, खरवडलेल्या रेषांखाली दडलेले असते.