पुढच्या पाळीपर्यंत

लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलींना भ्रूण गोठवायला शिकवण्याआधी मी त्यांना कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींची हकिकत सांगते.

भ्रूण कितीही सुरेख असलं, तरी गर्भाशयाचं अस्तर त्याला रुजवून घेतं ते पाळीच्या चक्रातल्या मोजक्याच दिवसांत. जास्त स्त्रीबीजं मिळावीत म्हणून इंजेक्शनं दिली की अस्तराचं हे वेळापत्रक बिघडतं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो या अडचणीशी कित्येक वर्षं झगडत होते. अखेर त्यांनी इंजेक्शनंच सोडली. नैसर्गिक चक्रातलं एकच बीज घ्यायचं आणि ते कधी पक्व होतंय हे कळावं म्हणून दिवसरात्र लघवी तपासत राहायचं. नोव्हेंबर १९७७मध्ये आठ पेशींच्या भ्रूणाचं ट्रान्सफर झालं आणि २५ जुलै १९७८ला जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राउन, जन्मली.

मुखर्जींनी इंजेक्शनं सोडली नाहीत. सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांसोबत त्यांनी योनिमार्गातून बीजं काढली, भ्रूण गोठवलं आणि ५३ दिवस जपलं. इंजेक्शनांचा परिणाम ओसरल्यावर, नंतरच्या नैसर्गिक चक्रात ते आईच्या गर्भाशयात सोडलं. लुईसनंतर दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, दुर्गा जन्मली. बीज ज्या महिन्यात मिळालं त्याच महिन्यात ट्रान्सफर झालं पाहिजे, ही सक्तीच या माणसाने मोडून काढली. ‘जगातली दुसरी टेस्ट ट्यूब बेबी’ एवढ्यावर त्यांची ओळख थांबते, ते मला फार खुपतं. आज सगळी भ्रूणं गोठवून ट्रान्सफर पुढच्या चक्रात करणं हे आमचं रोजचं काम आहे. ‘आत्ताच का नाही सोडत?’ असं घायकुतीला येऊन विचारणाऱ्या बाईला मी अस्तराबद्दल जे समजावते, त्याच विचारावर मुखर्जींनी १९७८मध्ये काम केलं होतं.

राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा नाकारला. जपानला जाऊन काम मांडायची परवानगीही मिळाली नाही. १९८१मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्ररोगाच्या संस्थेत. हॉर्मोन्सच्या अभ्यासात आयुष्य घातलेल्या माणसाची! त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आत्महत्या केली. इथे आल्यावर माझा आवाज अजून चढतो.

६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं ते काम, आणि भारतातलं पहिलं म्हणून ते गाजलं. पुढे मुखर्जींची हस्तलिखित टिपणं आनंदकुमारांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली आणि १९९७मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये जाहीरपणे लिहिलं, की पहिलेपणाचा मान आपला नाही, सुभाष मुखर्जींचा आहे.