तांब्याची जाळी

दुधा-तुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची रीत मराठी घरांना नवी नाही. मुंग्या पाण्याच्या काठाशी येतात आणि माघारी वळतात. पनामात कालवा खणायला गेलेल्या फ्रेंचांनीही नेमकं हेच केलं होतं. आंकॉन टेकडीवरच्या त्यांच्या रुग्णालयात खाटांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत उभे असत. पानं कातरून नेणाऱ्या मुंग्यांपासून बाग वाचावी म्हणून झाडांभोवतीही पाण्याची कडी केलेली. खिडक्यांना मात्र जाळी नव्हती.

पीतज्वराच्या डासाला अंडी घालायला असंच घराजवळचं, साचलेलं, स्वच्छ पाणी लागतं. म्हणजे इतक्या निगुतीनं डास पाळले जात होते ते रुग्णांच्या खाटेखालीच! हाडमोडीसाठी दाखल झालेला माणूस तिथे पीतज्वरानं जाई. फ्रेंचांचं काम सुरू झालं 1881 मध्ये. त्याच वर्षी हवानात कार्लोस फिन्ले या डॉक्टरनं पीतज्वर डासामुळे पसरतो असं मांडलं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. 1889 मध्ये फ्रेंचांची कंपनी बुडाली, तोवर सुमारे 20,000 माणसं गेली होती.

1904 मध्ये अमेरिकन आले. दरम्यान रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत मलेरियाचा डास पकडला होता, वॉल्टर रीडनं क्यूबात फिन्लेचं म्हणणं सिद्ध केलं होतं. आरोग्यप्रमुख विल्यम गॉर्गस तर हवाना साफ करूनच आलेला. तरी वरच्या साहेबांना डासांमागे पैसा घालवणं म्हणजे डॉक्टरचं खूळ वाटत होतं. 1905 च्या पीतज्वराच्या साथीत माणसं मिळेल त्या बोटीनं घरी पळू लागली, तेव्हा कुठे नवा मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यानं गॉर्गससाठी तिजोरी उघडली.

खिडक्यांची जाळी मागवली गेली तांब्याची. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड किती टिकणार? व्हरांडेच्या व्हरांडे जाळीनं बंद झाले. पनामा शहरात घरोघरी फटींवर कागद चिकटवून गंधकाचा आणि पायरेथ्रम या कीटकनाशकाचा धूर केला गेला. नळ आले, तशी पाण्याची पिंपं हटली. एवढं करूनही मलेरियाचा डास आत शिरेच. रात्री रक्त पिऊन तो दिवसा भिंतीवर सुस्त बसून राहतो. त्याला टिपायला माणसं नेमलेली असत. क्लोरोफॉर्म घातलेली काचेची नळी हलकेच डासावर टेकवायची, की तो आत. काम साधं वाटतं, पण त्यानं मलेरिया खरोखर घटला.

पीतज्वर 1906 पर्यंत हटला. मलेरियानं मात्र त्याच वर्षी 26,000 कामगारांपैकी 21,000 हून अधिक जणांना रुग्णालयात पोचवलं.

आणि ही जाळी सगळ्यांसाठी नव्हती. कालव्यावर पगाराच्या दोन याद्या होत्या, ‘सोनं’ आणि ‘चांदी’. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत, बार्बाडोस-जमैकाहून आलेल्या काळ्या मजुरांचा चांदीच्या. सोन्याच्या यादीतल्यांना जाळी लावलेली घरं मिळाली. चांदीवाल्यांच्या वाट्याला एका खोलीत 72 जण झोपतील अशा बराकी आल्या. त्यांतल्या अनेकांना तो कोंडवाडा नको होता. ते जंगलाच्या कडेला स्वतःच्या झोपड्या बांधून बायका-मुलांसह राहू लागले. तिथे चूल आपली, जेवण आपल्या चवीचं, पण खिडकीला जाळी नाही. कालव्याच्या अमेरिकन प्रशासनाकडून त्यांना मिळे ते मलेरियावरचं कडू क्विनाइन.

1904 ते 1914 या काळात रोगांनी आणि अपघातांनी गेलेल्यांची सरकारी नोंद 5,609 आहे. त्यांत सुमारे 4,500 जण वेस्ट इंडीजमधले होते आणि गोरे अमेरिकन साधारण 350.