अकरा ते पाच

येरवड्यातल्या आमच्या बचत गटाकडून आज शाळेची एक गोष्ट. शाळा आहे लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा. पेशव्यांचे घोडे बांधायची पागा जिथे होती, त्या जागेवर मुलींचं हायस्कूल उभं राहिलं, आणि पागेचंच नाव शाळेला चिकटलं.

ही शाळा सुरू झाली 1884 साली. त्याआधी मुलींची शाळा नव्हतीच असं नाही. 1848 मध्ये भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली होती. पण लिहिणं, वाचणं, हिशोब झाला की मुलीची पाटी बंद व्हायची. पुढचं इंग्रजी, गणित शिकून मॅट्रिकला बसायचं, तर तशी शाळा पुण्यातल्या हिंदू घरांतल्या मुलींना मिळत नव्हती. 1883 साली मुंबई विद्यापीठानं मुलींना परीक्षेची दारं उघडली. दार उघडलं, पण दारापर्यंत नेणारा जिना हवा ना? तो जिना बांधायला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे आले. भांडारकर आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे.

रानड्यांच्या पत्नी रमाबाई अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्यानं त्यांना रात्री शिकवलं. पुढे याच रमाबाईंनी मुलींना हायस्कूल हवं म्हणून भर सभेत इंग्रजीतून भाषण वाचलं. घरी आल्यावर शाबासकी नाही मिळाली, घरातल्या बायकांचे टोमणे मिळाले. आपल्यापैकी कितीजणींना हे ओळखीचं वाटेल!

तुम्ही म्हणाल, परदेशात तरी बरं असेल. तर ऐका. युरोपात जुन्या ग्रामर स्कूल होत्या. ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण. ते शिकलं की विद्यापीठाचा रस्ता मोकळा. पण शेकडो वर्षं त्या बाकांवर मुलगेच बसले. जर्मनीच्या बर्लिन शहरात तशा शाळेची शेवटची परीक्षा पहिल्यांदा मुलींनी दिली ती 1896 मध्ये, आणि त्या होत्या अवघ्या सहा. तेव्हा हुजूरपागा बारा वर्षांची झाली होती.

पण हुजूरपागेवर वाद झालाच. शाळेची वेळ होती अकरा ते पाच. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हरकत घेतली. इतका वेळ मुलगी शाळेत राहिली तर घरकाम कधी शिकणार? तीन तास पुरेत, आणि विषयही घरसंसाराला उपयोगी पडतील असे ठेवा, असं त्यांचं म्हणणं. टिळकांचेच सोबती गोपाळ गणेश आगरकर. दोघंही डेक्कन कॉलेजात शिकलेले. पण आगरकरांचं मत अगदी उलट: मुलामुलींना शिक्षण एकच द्या आणि एकत्र द्या.

म्हणजे बघा, भांडण नुसतं पुस्तकांचं नव्हतं. मुलीचा दिवस कुणाचा, यावर ते भांडण होतं. शाळा मात्र चालू राहिली.

त्या शाळेच्या वसतिगृहात पुढे ब्रह्मदेशातून एक सात वर्षांची मुलगी आली. त्या इरावती कर्वे. 1922 मध्ये मॅट्रिक झाल्या. 1928 मध्ये जर्मनीला गेल्या आणि बर्लिनमध्येच डॉक्टरेट केली. परत येऊन 1939 पासून त्या आपल्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या त्या याच. आपण रिक्षानं ज्या फाटकासमोरून जातो, त्याच्या आत त्यांनी तीस वर्षं काम केलं. हुजूरपागेत मिळालेल्या त्या तासांनी बाईला कुठवर नेलं, बघा.

आता आमच्या गटाचं सांगतो. मागच्या वर्षी एका ताईंनी मुलीच्या अकरावीसाठी कर्ज मागितलं. आम्ही एकमतानं ठराव केला, रजिस्टरवर सह्या झाल्या, पैसे दिले. हप्ते वेळेवर येत राहिले. दिवाळीनंतर कळलं की मुलगी आठवड्यातून दोनच दिवस कॉलेजला जाते. आई चार घरची कामं करते. पाणी येतं दुपारी, धाकट्याला शाळेतून आणायचंही दुपारीच. मग घरी कोण थांबणार? मुलगीच.

आम्हाला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. फी भरली की आपलं काम झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. मुलीचे अकरा ते पाच कुणी मोकळे केलेच नव्हते. मग बैठकीत त्यावरच बोललो. शेजारच्या दोघींनी पाणी भरायचं वाटून घेतलं. धाकट्याला आणायचं काम वडिलांनी जेवणाच्या सुट्टीत करायचं ठरलं. वडील आधी कुरकुरले, आता जातात. मुलगीही रोज जाते.

आता शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज आला की आम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारतो: मुलगी कॉलेजात असेल तेव्हा घरचं काम कोण करणार? उत्तर रजिस्टरमध्ये लिहून घेतो, नावासकट. तुमच्या गटातही विचारून बघा. आणि हुजूरपागेत शिकलेली एखादी आजी तुमच्या ओळखीत असेल, तर शाळेच्या वेळात तिचं घरकाम कोण करायचं, तेही विचारा. पुढच्या वेळी त्या गोष्टी ऐकू.