रुचिकलिकांचा शोध आणि जिभेच्या नकाशाचा भ्रम : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जिभेची आकृती काढून शेंड्याला गोड, कडांना खारट व आंबट आणि मागील भागात कडू अशी क्षेत्रे दाखविण्याची प्रथा जीवशास्त्राच्या वर्गात अनेक पिढ्या चालत आली आहे. ही आकृती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची आहे. ती कशी निर्माण झाली आणि इतका काळ का टिकली, हे समजण्यासाठी रुचिकलिकांच्या संशोधनाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

शोधाचा प्रारंभ :
जिभेवरील अंकुरकांचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी यांनी १७व्या शतकात केले. मात्र रुचिकलिका प्रथम आढळल्या त्या जिभेवर नव्हे, तर माशांच्या त्वचेवर. १८५१ मध्ये फ्रान्झ लायडिग यांनी गोड्या पाण्यातील माशांच्या त्वचेतील पेल्याच्या आकाराच्या रचनांचे वर्णन केले. या रचनांचा संबंध रुचीशी असावा, असे मत शुल्झे यांनी १८६३ मध्ये मांडले. त्यानंतर १८६७ मध्ये स्वीडनचे लोव्हेन व जर्मनीचे श्वाल्बे यांनी स्वतंत्रपणे सस्तन प्राण्यांच्या जिभेवर तशाच रचना दाखवून दिल्या.

रचना व प्राणिसृष्टीतील वैविध्य :
प्रत्येक रुचिकलिकेत साधारणतः ५० ते १०० पेशी असतात. त्यांची टोके एका सूक्ष्म छिद्रातून लाळेच्या संपर्कात येतात. या पेशींचे आयुष्य सरासरी १० दिवसांच्या आसपास असते. तळाशी असलेल्या पेशींपासून नव्या पेशी तयार होत राहतात. जिभेवर संख्येने सर्वाधिक असलेल्या सूत्राकार अंकुरकांवर मात्र रुचिकलिका नसतात. टाळू व घसा येथेही त्या आढळतात. रुची ही केवळ जिभेची मक्तेदारी नाही.

प्राण्यांच्या आहारानुसार या व्यवस्थेत मोठा फरक पडतो. मागूर ज्या गटात मोडतो, त्या मिशाळ माशांच्या मिशांवर व शरीरभर रुचिकलिका असतात; गढूळ पाण्यात ते जणू अंगानेच चव घेतात. कोंबडीत त्यांची संख्या काही शेकड्यांपुरतीच असते. मांजरात गोड चवीच्या ग्राहीचा एक जनुक निकामी झाल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले. मांजराला साखरेचे आकर्षण नसण्याचे कारण त्यातून उलगडले.

नकाशाचा भ्रम :
१९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदनशीलता मोजली. त्यास आढळलेले फरक अल्प होते. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात हीच माहिती आलेखरूपाने आली. परंतु कमी संवेदनशीलता म्हणजे संवेदनेचा अभाव, असा अर्थ वाचकांनी घेतला. 'थोडे कमी' याचे 'मुळीच नाही' झाले आणि पाठ्यपुस्तकांना एक सुबक आकृती मिळाली. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी फेरमोजणी करून फरक किरकोळ असल्याचे दाखविले. २००० नंतर कडू, गोड व उमामी या चवींच्या ग्राही रेणूंची ओळख पटली. उमामी ही चव जपानचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्येच नोंदविली होती. नकाशात मात्र तिला जागाच नव्हती.

महाराष्ट्रातील अभ्यास :
रुची आणि आनुवंशिकता यांचा संबंध १९३१ मध्ये योगायोगाने उघड झाला. अमेरिकेतील आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत पीटीसी या रसायनाची भुकटी उडाली. सहकाऱ्यास ती कडू लागली, फॉक्स यांना लागली नाही. पुढे १९५०च्या सुमारास मुंबईत ल. डी. संघवी व वसंत खानोलकर यांनी सहा अंतर्विवाही समूहांतील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. त्यांत रक्तगटांबरोबर पीटीसीची चव कळणे किंवा न कळणे हेही एक लक्षण होते. या भेदास मुख्यतः कारणीभूत असलेला जनुक २००३ मध्ये निश्चित झाला.

कटु, कडू आणि तिखट :
चरकसंहितेत मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय असे सहा रस सांगितले आहेत. तेथील 'कटु' म्हणजे मिरी-पिंपळीसारखे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत 'कटु'पासून आलेला 'कडू' हा शब्द मात्र वेगळ्या चवीकडे वळला. विद्यार्थ्यांचा गोंधळ येथेच होतो. शिवाय आधुनिक शास्त्रानुसार तिखट ही रुचिकलिकांची संवेदना नव्हे. नागपूरच्या सावजी रश्श्याचा झणका उष्णता व वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंद्वारे जाणवतो. त्यामागील ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये ज्युलियस यांना नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. म्हणून प्राचीन वर्गीकरण चुकीचे ठरत नाही. ते अनुभवाचे व औषधी गुणांचे वर्गीकरण आहे, पेशींचे नव्हे.

निष्कर्ष :
जिभेचा नकाशा खोडून काढण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवल्यास त्यात लिमोनिनमुळे कडवटपणा उतरतो. प्रताप नगरातील कोणत्याही स्वयंपाकघरात असा रस, किंवा कारल्याचा रस, जिभेच्या शेंड्यावर ठेवून पाहावा. कडू चव तेथेही कळते. एवढी साधी पडताळणी अनेक दशके वर्गाबाहेर राहिली, कारण छापील आकृतीवर आपला विश्वास अनुभवापेक्षा अधिक होता. त्यामुळे हा नकाशा वर्गातून वगळण्यापेक्षा, त्याची चूक कशी घडली हे त्याच्यासोबत शिकविणे अधिक श्रेयस्कर ठरेल. विद्यार्थ्यांना त्यातून रुचिकलिका तर कळतीलच, शिवाय पुस्तकातील विधान तपासून पाहण्याची सवयही लागेल.