डेंटिंग-पेंटिंग

डेंटिंग-पेंटिंग म्हणजे ठोकर किंवा गंजामुळे खराब झालेल्या मोटारीचा पत्रा सरळ करून तिला पुन्हा रंग देणे. पनवेलसारख्या खाडीलगतच्या, दमट हवेच्या शहरात जुन्या गाडीचा पत्रा लवकर गंजतो.

कार्यपद्धती

चेपलेला पत्रा आतून लोखंडी ठोकळा धरून हातोडीने समतल करतात. गंज मुळापर्यंत घासून काढल्यावर पुट्टी, प्राइमर, रंग व क्लिअर कोट असे थर दिले जातात. गंजावरच पुट्टी भरल्यास तो आतून वाढतो व रंग फुगून सुटतो. पावसाळ्यात हवेतील बाष्पामुळे लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते.

खर्च

घासकाम वेळखाऊ असले, तरी स्वतः करता येते. त्यामुळे मजुरी वाचते. संपूर्ण गाडीऐवजी खराब भागच रंगवणे स्वस्त पडते, मात्र जुन्या रंगाशी छटा जुळवावी लागते. चासी किंवा तळाचा पत्रा गंजला असल्यास सुरक्षिततेसाठी आधी त्याचे वेल्डिंग आवश्यक ठरते. हार्डनर मिसळलेल्या रंगाची फवारणी श्वसनास घातक असल्याने ती योग्य मास्कशिवाय करू नये.

नियम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते. मूळ रंग बदलल्यास नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करावी लागते. पनवेल परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेतांक एमएच-४६ आहे.