कांट्यांचा राजमुकुट

महोत्सवाच्या तयारीच्या सभेंत कांहीं भाविकांनीं अशी इच्छा दर्शविली कीं, आपल्या मंदिरांतील ख्रिस्तराजाच्या मूर्तीस सोन्याचा मुलामा दिलेला नवा मुकुट अर्पण करावा. इच्छा भक्तीचीच आहे. परंतु तो कोणत्या घडणीचा असावा हा प्रश्न निघतांच माझें मन इतिहासाकडे वळलें. तेथें जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

शुभवर्तमानांत आपल्या प्रभूच्या मस्तकावर एकाच मुकुटाचा उल्लेख आहे, आणि तो रोमी शिपायांनीं थट्टेसाठीं गुंफला होता. जांभळें वस्त्र, हातांत राजदंड म्हणून वेत, पुढें गुडघे टेकून मुजरा : राज्याभिषेकाचा सारा विधि विडंबनानें पार पडला. पिलातानें क्रुसावर लाविलेल्या पाटीवर राजपद हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत लिहिलें होतें. मुख्य याजकांनीं मजकूर बदलण्याची विनंती केली, ती त्यानें मानिली नाहीं. आपण काय लिहून ठेविलें हें त्या अधिकाऱ्यास उमगलें नसावें.

पुढेंहि जग हंसतच राहिलें. रोम येथील पॅलाटाइन टेकडीवर १८५७ सालीं भिंतीवर ओरखडलेलें एक चित्र सांपडलें. क्रुसावर गाढवाच्या मस्तकाचा मनुष्य, खालीं हात उंचावलेला भक्त, आणि आलेक्सामेनोस आपल्या देवास भजतो अशा अर्थाचीं ग्रीक अक्षरें. तें सामान्यतः इ. स. २०० च्या सुमाराचें मानितात. हा आलेक्सामेनोस कोण होता हें निश्चित ठाऊक नाहीं. त्याचें नांव टिकलें तें निंदकाच्या हातून.

फ्रान्सचा राजा नववा लुईस याची गोष्ट निराळी. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा खजिना रिता झाला होता व तेथें कांट्यांचा मुकुट म्हणून पूजिला जाणारा अवशेष व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण पडला होता. लुईसनें प्रचंड द्रव्य देऊन तो सोडविला. १२३९ च्या ऑगस्ट महिन्यांत राजा तो घेण्यास सान्स नगराजवळ गेला. राजवस्त्रें उतरवून, केवळ साधा अंगरखा घालून, अनवाणी पायांनीं त्यानें व त्याचा भाऊ रोबेर यानें ती पेटी खांद्यावर वाहिली. तिच्याकरितां पॅरिसांत बांधलेलें सेंत-शापेल हें मंदिर १२४८ सालीं अभिषिक्त झालें. त्याच वर्षीं राजा क्रूसयुद्धास निघाला. १२५० सालीं मिसर देशांत, रोगानें जर्जर अवस्थेंत, कैद झाला व खंडणी देऊन सुटला. १२७० सालीं ट्युनिसजवळ साथीच्या रोगानें मरण पावला. ख्रिस्तसभेनें १२९७ सालीं त्यास संतपद दिलें.

तथापि त्याच्याच कारकीर्दींत पॅरिस येथें यहुद्यांचे पवित्र ग्रंथ जाळण्यांत आले, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्याचा मुकुट त्यानें एवढ्या नम्रतेनें वाहिला, तो यहुद्यांचा राजा म्हणूनच क्रुसावर खिळला गेला होता! संताच्याहि ध्यानांत तें कसें आलें नाहीं, याचा मी पुष्कळ वेळां विचार केला आहे.

पवित्र पिता अकरावे पायस यांनीं ख्रिस्तराजाचा सण ११ डिसेंबर १९२५ रोजीं स्थापिला. दोनच वर्षांनीं, २३ नोव्हेंबर १९२७ रोजीं, मेक्सिको शहरांत येशूसंघाचे फादर मिगेल प्रो हात क्रुसासारखे पसरून, ख्रिस्तराजाचा जयघोष करीत गोळ्यांस सामोरे गेले. सरकारनें त्या प्रसंगाचीं छायाचित्रें दहशतीसाठीं प्रसिद्ध केलीं; लोकांनीं तीं भक्तीनें जपून ठेविलीं. या सणाचें शुभवर्तमान प्रारंभीं पिलातापुढील चौकशीचें होतें. आज तीन वर्षांच्या क्रमांत एका वर्षीं तेंच येतें, दुसऱ्या वर्षीं क्रुसावरील पश्चात्तापी चोराचें. सोन्याच्या सिंहासनाचें वर्णन दोहोंतहि नाहीं.

लुईसनें आणिलेला मुकुट नोत्र-दाम मंदिराच्या १५ एप्रिल २०१९ च्या आगींतून वांचला व डिसेंबर २०२४ मध्यें तेथें परत नेण्यांत आला. आज तें केवळ लव्हाळ्याचें कडें आहे. कांटे शतकानुशतकें निरनिराळ्या मंदिरांस वाटून दिले गेले.

आमच्या मुकुटाचा निर्णय मात्र अद्याप झालेला नाहीं. सोनाराकडून दोन नमुने मागविले आहेत. त्यांपैकीं एक कांट्यांचा आहे.