सोन्याच्या कड्याची गोष्ट

सुट्टीत इटलीला गेलो असताना एक दिवस पाँपेईचे अवशेष पाहण्यात घालवला. दगडी रस्त्यांवर चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, पावाच्या भट्ट्या, भिंतींवरची चित्रं. पण पाय थबकतात ते प्लास्टरच्या पुतळ्यांपाशी.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि हे रोमन शहर गाडलं गेलं. देहांभोवती बारीक राख घट्ट बसली. पुढे देह कुजले, हाडं उरली आणि राखेत देहाच्या आकाराची पोकळी राहिली. म्हणजे आयता साचाच! 1863 साली जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि राखेतून माणसांचे आकार बाहेर आले.

आमच्या गाईडने 1974 मध्ये सापडलेल्या चौघांची गोष्ट सांगितली. दोन मोठी माणसं, दोन मुलं. एका मोठ्या माणसाच्या दंडात सोन्याचं कडं, अंगाशी मूल. ही आईच, आणि शेजारी बाप. ऐकताना आमचे डोळे पाणावले.

2024 साली शास्त्रज्ञांनी प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. कडं घातलेली व्यक्ती पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. दुसऱ्या एका घरात एकमेकांना बिलगलेल्या दोघींना लोक मायलेकी किंवा बहिणी समजत. त्यांतलीही किमान एक व्यक्ती पुरुष होती.

चूक कुठे झाली? कडं आणि मूल हे निरीक्षण. ‘आई’ हे अनुमान, आणि त्यात दागिना कोण घालतं, मुलाला कोण सांभाळतं, या आपल्याच घरातल्या समजुती मिसळलेल्या. पन्नास वर्षं ते अनुमान निरीक्षण म्हणून सांगितलं गेलं.

वर्गात एखाद्या जुन्या वस्तूचं चित्र दाखवून मुलांना दोन रकाने करायला सांगा : ‘दिसतं ते’ आणि ‘वाटतं ते’. दुसरा रकाना चुकीचा नसतो, त्याला पुरावा मागायचा असतो, इतकंच.

हे लिहिताना मीही आधी ‘त्या परक्या माणसाने मुलाला मायेने कवटाळलं होतं’ असं वाक्य लिहिलं होतं. पूर्वी काही पुतळ्यांच्या हातापायांची ठेवण दुरुस्तीच्या वेळी बदलली गेली, हे आठवलं आणि ते वाक्य दुसऱ्या रकान्यात टाकलं.